डोळ्याला जुळवलेला बाण

आमच्या माळकुंडात दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी कोहळा फोडतात, आणि तो बाणानं फोडतात. पारनेर तालुक्यात दुसरीकडं कुठं असं नाही, आणि असलंच तर ते आमचं बघून उचललेलं, असं गावाचं ठाम म्हणणं. शिवेवरच्या बाभळीच्या फांदीवरून दोरी टाकायची. एका टोकाला कोहळा, दुसरं टोक भैरोबाच्या गुरवाच्या हातात. गुरवानं कोहळ्याच्या शेजारी, बाण मारणाऱ्याच्या उजव्या हाताला पडेल असं, दीड हातावर उभं राहायचं. मानकऱ्यानं वीस-पंचवीस पावलांवरून एकच बाण मारायचा. बाण कोहळ्यात घुसला की गुरव दोरी सोडतो, कोहळा खालच्या धोंड्यावर पडून फुटतो आणि गाव आपट्याची पानं लुटायला मोकळं होतं.

तो गुरव मी. कानिफनाथ माझं नाव. लोक विचारायचे, तिथं उभं राहायला भीती वाटत नाही का? मी म्हणायचो, बाण सोपानदादाचा आहे, भीती वाटायची तर कोहळ्याला वाटू दे. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या दसऱ्यापर्यंत मी हेच म्हणत होतो. त्या दिवशी मी जो हादरलो तो अजून पुरता सावरलेलो नाही. आणि मला हादरवलं ते बाणानं नाही, सोपानदादाच्या बायकोनं, भागूबाईनं. गोष्ट तिचीच आहे.

भागूवहिनी मूळची संगमनेरकडची. प्रवरेच्या काठचं, उसापाण्यातलं माहेर सोडून आमच्या खडकात येऊन पडली. बोलायला कमी, कामाला वाघीण. तिचा सासरा सूर्यभानआबा म्हणजे बाण करणारा म्हातारा. गावाची कमान त्यांच्याच घरात असायची. शिंगाची कमान ती, कुणा घोडेस्वार पूर्वजानं आणलेली; तात, म्हणजे तिची दोरी, उतरवली की उलट्या बाजूला वळते, आणि चढवायची तर अजून घाम काढते. त्या घराचा एक नियम होता. ज्यानं बाण मारायचा त्यानं तो करायचा नाही. आबांचं म्हणणं, माणूस आपल्या हातच्या बाणाला नावं ठेवत नाही, आणि नावं ठेवल्याशिवाय बाण सुधारत नाही. म्हणून बाप बाण करायचा, पोरगा मारायचा.

आबांचे हात कापायला लागले तेव्हा शिकवायचं कुणाला हा प्रश्न आला. घरात दुसरा गडी नव्हता. बांबूची काडी निखाऱ्यावर शेकून सरळ करायची असते, आणि निखारे असायचे चुलीत, आणि चुलीशी असायची भागूवहिनी. एकदा आबांची काडी जळायला आली तेव्हा हिनं भाकरी उलटता उलटता तीही उलटली. म्हातारा बघतच राहिला. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. गावातल्या काहींनी नाकं मुरडली, बाईच्या हातचा बाण देवाला कसा चालेल म्हणून. आबा म्हणाले, बाईच्या हातची भाकरी चालते ना?

ते काम मी पुष्कळदा पारावर बसल्यासारखा त्यांच्या ओसरीवर बसून बघितलंय. बाण कमानीच्या कडेला टेकलेला असतो. सुटताना त्याला कमानीला वळसा घालून जावं लागतं, म्हणून पहिल्या झटक्याला तो वाकतो आणि मासळीसारखा वळवळत सरळ होतो. काडी फार ताठ असली तर ती डावीकडं पळते, फार नरम असली तर उजवीकडं. काचेच्या तुकड्यानं खरवडत खरवडत मधली काडी साधायची. आणि हे सगळं पिसं लावायच्या आधी. मोराची पिसं, तीही एकाच पंखाची, सगळ्यात शेवटी. पिसं लावली की बाणाचे दोष झाकतात. आबा सुनेला सांगायचे, "पिसं म्हंजी वरचा पदर. आत काय हाय ते आदी बघ."

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. बाण नुसता कमानीला जुळवून भागत नाही, ओढणाऱ्याला जुळवावा लागतो. कोण किती ओढतो, बोटं कशी सोडतो, मान कशी धरतो, सगळं त्या काडीत उतरायला हवं. म्हणून सोपानदादा मागच्या अंगणात कडब्याच्या पेंढ्यांवर बाण मारायचा आणि वहिनी त्याच्या पाठीमागं उभी राहून बघायची. बाणाकडं नाही, नवऱ्याकडं. आबा गेल्यावरही हे असंच चालू राहिलं. दोघांचं त्या अंगणात एक शब्द न बोलता जे जमायचं ते बघून मला माझ्या संसाराची कीव यायची.

आता पुढचं जे आहे ते वहिनीनं मला नंतर सांगितलं, पण इथंच सांगतो.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात शेतात काही नव्हतं, म्हणून सोपानदादा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. एक दिवस घण घातला आणि उजव्या डोळ्यात काहीतरी उडालं. पाण्यानं धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, वहिनीनं दुधाचा बोळा ठेवला. चार दिवस डोळा लाल राहिला, मग निवळला. दादा म्हणाला, गेलं. विषय संपला.

दसरा जवळ आल्यावर तो कडब्यावर मारायला लागला तर बाण डावीकडं. दुसरा मारला, डावीकडं. तो चिडून म्हणाला की बाण बिघडलेत, हिनं काडी ताठ ठेवलीय. वहिनीनं बाण घरात नेला, नखावर फिरवून बघितला, वाकवून बघितला. बाणात खोट नव्हती. मग तिनं नेहमीप्रमाणं नवऱ्याकडं बघितलं. उजवा डोळा अंधुक झाल्यामुळं तो नकळत डाव्या डोळ्यानं नेम धरत होता. बाण उजव्या गालाशी आणि नजर डाव्या डोळ्याची, मग तो डावीकडं जाणार नाही तर काय. त्यांच्या घरात दोन्ही डोळे उघडे ठेवून मारायची रीत, त्यामुळं त्याला स्वतःला हे कळायला मार्ग नव्हता.

तिला वाटलं, डोळा अधू झाला, आता काय व्हायचं? तिच्या माहेरी म्हाताऱ्यांचे डोळे असेच जात आणि त्यावर कुणी काही करत नसे. पण कोहळा चुकला तर मान जाणार, कमान दुसऱ्या घरात जाणार, आणि त्याच्यामागं हा माणूस खंगणार. कमान हेच त्याचं सगळं होतं. तेव्हा तिनं काच घेतली आणि बाण खरवडला. नको तितका नरम केला. वर टोकापाशी तार गुंडाळून टोक जड केलं, त्यानं काडी आणखी वाकते. आता बाण उजवीकडं पळणार आणि नवऱ्याची चूक भरून काढणार. दादानं मारला, बरोबर मधे. "आता जमला बान," असं म्हणून तो जेवायला बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून वहिनी गप्प राहिली.

त्या दसऱ्याला कोहळा फुटला. पुढच्याही दसऱ्याला फुटला. डोळा आणखी अधू होत गेला तशी ती बाण आणखी नरम करत गेली. कधी दादाला उंबऱ्याची ठेच लागायची, कधी उजवीकडून आलेलं माणूस दिसायचं नाही. मग त्याला शंका यायची. शंका आली की तो कमान घेऊन मागं जायचा, एक बाण मारायचा, तो मधे बसायचा आणि हा हसत परत यायचा. दीड हातावर दोरी धरून उभ्या असलेल्या मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आता त्र्याहत्तरचा दसरा. घट बसतात त्या दिवशी कमान आणि तो एकच बाण देवळात आणून देवापुढं ठेवायचे, नऊ दिवस. त्यानंतर तो बाण देवाचा. बदलायचा नाही, हात लावायचा नाही. त्याप्रमाणं सगळं झालं. दसऱ्याच्या सकाळी सोपानदादाच्या घरी तार आली, पुण्याचे चुलते वारले. सुतक आलं. सुतकातला माणूस कमानीला कसा शिवणार? आप्पासाहेब पाटलांनी निकाल दिला की या वर्षापुरता बाण त्यांचा पुतण्या गहिनीनाथ मारील. गहिनीनाथ मिलिटरीत हवालदार, रजेवर आलेला, चांगला धिप्पाड, नेमबाज गडी. आठ-दहा वर्षांचा होता तेव्हापासून सोपानदादाच्या मागं लागून कमान ओढायला शिकलेला. कुणाला हरकत वाटली नाही. सोपानदादालाही नाही.

दुपारी वहिनी देवळाच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. सुतकात ती घराबाहेर पडली याचाच मला धक्का. लांबूनच म्हणाली, की बाण बदला. मी विचारलं, का? नवा बाण करून देते, म्हणाली, तासाभरात. मी म्हणालो, वहिनी, नऊ दिवस देवापुढं बसलेला बाण, आणि तुझा सुतकातल्या हातचा बाण, कुठला घेऊ? ती तशीच मागं फिरली. मला वाटलं, मान दुसऱ्याकडं गेला म्हणून जीव तुटतोय बाईचा.

दिवस कलल्यावर आम्ही शिवेवर गेलो. ढोल, हलगी, पालखी, सगळं गाव. मी दोरी धरून माझ्या जागेवर उभा राहिलो. गहिनीनाथानं कमान उचलली, डोक्याला लावली, बाण चढवला. खरं सांगतो, त्याचं उभं राहणं बघून मला वाटलं, सोपानदादापेक्षाही चांगला. वाजप थांबलं. त्यानं तात गालापर्यंत ओढली.

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून भागूवहिनी निघाली आणि सरळ माझ्याकडं पळत आली. "कानिफभावजी, दोरी सोडा. बाजूला व्हा." आप्पासाहेब ओरडले. कुणीतरी म्हणालं, सुतकी बाई शिवेवर कशी आली. आणि मी? मी दोरी आणखी घट्ट धरली, कारण बाण लागण्याआधी दोरी सुटणं हा आमच्याकडं मोठा अपशकुन. मग तिनं जे केलं ते माळकुंडात कुठल्या बाईनं कधी केलं नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी, सुतकात, सोवळ्यातल्या गुरवाच्या छातीला दोन्ही हात लावून तिनं मला ढकललं. मी उताणा पडलो, तीही माझ्याबरोबर धडपडली. दोरी सुटली, कोहळा खाली पडून फुटला, आणि त्या गोंधळात, नेम तसाच धरलेला असताना, गहिनीनाथाची बोटं सुटली.

बाण मी बघितला. मी जिथं उभा होतो तिथून, माझ्या छातीच्या उंचीवरून तो गेला आणि मागच्या बाभळीच्या बुंध्यात बसून थरथरत राहिला.

गहिनीनाथ पांढराफटक पडला होता. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "म्या सरळ मारला, म्या सरळच मारला." आणि ते खरं होतं, गावानं डोळ्यांनी बघितलं होतं.

सोपानदादा बायकोला शोधत मागून आला होता. पार लांब, सुतक्यानं उभं राहावं तसा उभा होता. तिथूनच त्यानं विचारलं, "बान हितं जानार हे तुला कसं ठावं?"

वहिनी उठून उभी राहिली. पदर नीट केला. नवऱ्यापासून दोन वर्षं झाकलेलं ती सगळ्या गावापुढं बोलली. "त्यो बान तुमच्या डोळ्याला जुळवलाय. तुमचा उजवा डोळा ग्येलाय. दुसऱ्या कुनी मारला तर त्यो असाच जानार."

दादा हसला. खरंच हसला. चालत तिच्यापुढं हातभर अंतरावर आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं डावा डोळा तळहातानं झाकून बघितलं. हसू तसंच राहिलं होतं तोंडावर, नुसतं विझत गेलं. त्यानं दुसरा हात पुढं करून हवेत चाचपला.

"भागे," तो म्हणाला, "तू हायस का तिथं?"

मी तीन माणसांची प्रेतं याच हातांनी उचलली आहेत, पण त्या वाक्याला मी जसा गार पडलो तसा कधी पडलो नाही. त्या वर्षी सोनं कुणी लुटलं नाही. हातातली आपट्याची पानं तिथंच टाकून लोक घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात सुतक फिटायची वाट न बघता मी दोघांना नगरला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. मला वाटत होतं, चष्मा देतील, थेंब देतील. डॉक्टरनं अंधारात नेऊन दिवा मारला, पुष्कळ वेळ बघितलं, आणि विचारलं की डोळ्यात लोखंड कधी गेलं. लोखंड? मग त्यानं समजावलं. दगडाची कपची नव्हतीच ती. घणाचा बारीक कण आत घुसून बसला होता. त्याला हळूहळू गंज चढला आणि तो गंज डोळा खात गेला. वेळेवर आला असतात तर लोहचुंबकानं काढला असता, नजर राहिली असती. निदान पहिल्या वर्षात तरी यायचं. आता काही होणार नाही.

डॉक्टर साधेपणानं बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी वहिनीकडं बघितलं आणि मान फिरवली. ती भिंतीला धरून खाली बसली होती. तिला माहीत नव्हतं हो. देवाशपथ सांगतो, माहीत असतं तर तिनं त्याला पाठीवर घालून नगरला आणलं असतं. तिला वाटलं होतं, डोळा गेलाच आहे, निदान मान राहू दे. राग कुणावर धरायचा? मला तर तिचा राग आला, दादाचा आला, त्या कोहळ्याचा आला आणि कोहळ्यापायी माणसाचा जीव टांगणीला लावणाऱ्या आमच्या गावाचाही आला.

एस. टी. भाळवणीला थांबेपर्यंत दादा खिडकीबाहेर बघत बसला होता. गाडी थांबल्यावर, बायकोकडं न बघता, हळू आवाजात तो बोलला. "मला शंका यायची. लई येळा यायची. मी दवाखान्यात जानार हुतो. पर जायच्या आदी बानाला इचारायचो, डोळा हाय का? बान म्हनायचा, हाय." मग म्हणाला, "तू त्याला खोटं बोलाया शिकवलंस."

वहिनीनं तोंडाला पदर लावला आणि दोन बाकं मागं जाऊन बसली.

मान गेला. आप्पासाहेबांनी कमान देवळात माझ्या ताब्यात ठेवली. त्या घरात चूल पेटायची, भाकरी व्हायची, पण बोलणं बंद झालं. वहिनीनं बांबूच्या काड्या चुलीत घातल्या आणि पिसं माळावर सोडून दिली. दादा शेतात जायचा, मान उजवीकडं फिरवून फिरवून चालायचा. मी मधे पडायचा प्रयत्न केला, दोन्हीकडून हाकललो गेलो.

शिमगा झाल्यावर एक दिवस दादा देवळात आला आणि त्यानं कमान मागितली. मी म्हणालो, आप्पासाहेबांना कळलं तर? तो म्हणाला, पुसायला काढली म्हणून सांग. मीच ती धोतरात गुंडाळून त्याच्या मागच्या अंगणात नेली. वहिनी दारात उभी होती, हातात एक नवा बाण. त्यानंच तिला करायला सांगितला होता, महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलून. आता तो डाव्या हातानं ओढणार होता, चांगला डोळा तिकडं होता म्हणून. आणि एकच अट घातली होती, की बाण सरळ हवा. जुळवायचा नाही.

आम्ही दोघांनी मिळून तात चढवली. नव्या बाजूनं ओढताना त्याचे हात लहान पोरासारखे अडखळत होते. कडब्याच्या पेंढीवर वहिनीनं चिंधी बांधली होती. त्यानं मारला. बाण चिंधीपासून वीतभर दूर बसला.

तो चालत गेला. चिंधी आणि बाण यांच्यामधलं अंतर त्यानं बोटांनी चाचपलं, दोनदा. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता यायचं नाही, पण राग नव्हता. बाण उपटून तो परत आला.

वहिनीचा हात सवयीनं पुढं आला होता. दुसऱ्या हातात काचेचा तुकडा होता, तो तिनं कधी उचलला हे तिलाही कळलं नसावं. दादानं तो तिच्या बोटांतून हळूच काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माजं चुकतंय किती, ते मला दिसू दे."

आणि तो पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. वहिनी त्याच्या पाठीमागं, नेहमीच्या जागी.